राजाचा पहिला नातू, तरी राजपुत्र नाही: ब्रिटिश किताब आणि वारसा समजून घेताना

ऑक्टोबर २०२५ मध्ये लंडनच्या बकिंगहॅम राजवाड्यातून घोषणा झाली: राजे चार्ल्स यांचे धाकटे भाऊ अँड्र्यू यांचं 'प्रिन्स' हे संबोधन काढून घेतलं जात आहे, यापुढे ते नुसते अँड्र्यू माउंटबॅटन विंडसर. बातमी वाचून अनेकांच्या डोक्यात सारखेच प्रश्न आले. राजाचा सख्खा भाऊ राजपुत्र नाही, म्हणजे गादीवरचा हक्कही गेला का? त्यांच्या मुलींचं काय? आणि तिकडे हॅरी राजघराण्यातून बाहेर पडला, तरी त्याची मुलं प्रिन्स आणि प्रिन्सेस कशी?

घोटाळा होतो, कारण आपण 'राजघराण्यातला' हा एकच शिक्का समजतो. प्रत्यक्षात किताब, गादीचा वारसाक्रम आणि सरदारकीचा वारसा या तीन निरनिराळ्या गोष्टी आहेत. सातबारा तलाठ्याकडे, जन्माचा दाखला पालिकेत आणि मतदारयादी निवडणूक कचेरीत, तसंच हे. एका ठिकाणचं नाव कमी झालं म्हणून दुसऱ्या ठिकाणचं आपोआप कमी होत नाही. अँड्र्यू यांचं संबोधन गेलं, पण त्या घोषणेनं त्यांचा वारसाक्रम बदलला नाही, आणि मुलींची पदंही तशीच राहिली.

हे सगळे नियम एकाच माणसाच्या आयुष्यात बघायचे असतील, तर मला हारवुडचे सातवे अर्ल जॉर्ज लॅसल्स यांच्याइतकं चांगलं उदाहरण दुसरं दिसत नाही. राजे पाचवे जॉर्ज यांचा हा पहिला नातू, म्हणजे राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांचे सख्खे आतेभाऊ. जन्म ७ फेब्रुवारी १९२३, मृत्यू ११ जुलै २०११. या अठ्ठ्याऐंशी वर्षांत राजघराण्याशी असलेल्या नात्यानं त्यांना कधी दरवाजे उघडून दिले, कधी तोंडावर लावले, आणि एकदा तर त्या नात्यापायी जीवच जायची वेळ आली होती.

आई राजकन्या, मग मुलगा राजपुत्र का नाही?

जॉर्जची आई प्रिन्सेस मेरी ही पाचव्या जॉर्जची एकुलती एक मुलगी. २८ फेब्रुवारी १९२२ रोजी तिचं लग्न यॉर्कशरमधल्या लॅसल्स घराण्यातल्या हेन्रीशी झालं आणि वर्षभरात जॉर्ज जन्मला. त्या दिवशी तो गादीच्या रांगेत सहावा होता: आधी चार मामा, मग आई, मग हा. तरीही त्याच्या नावामागे 'प्रिन्स' लागलं नाही.

कारण १९१७ चं एक राजपत्र. पहिलं महायुद्ध चालू होतं, जर्मनीविरुद्ध लोकांत संताप होता आणि राजघराण्याची मुळं जर्मन होती. पाचव्या जॉर्जनं घराण्याचं नाव बदलून 'विंडसर' केलं आणि त्याच वर्षी राजपुत्रांची संख्याही आटोपशीर केली. नियम थोडक्यात असा: राजाची मुलं आणि राजाच्या मुलग्यांची मुलं यांना प्रिन्स-प्रिन्सेस म्हणायचं. मुलीकडच्या नातवंडांना बापाच्या दर्जाप्रमाणे जे मिळेल ते.

हा नियम हातात आला की आजच्या बातम्याही सुटतात. प्रिन्सेस ॲनची मुलं मुलीकडची, म्हणून त्यांना जन्मापासून किताब नाही. हॅरीची मुलं जन्मली तेव्हा राणी जिवंत होती, म्हणजे ती राजसत्तेवर असलेल्या व्यक्तीच्या नातवाची मुलं होती, म्हणून राजपुत्र नव्हती. सप्टेंबर २०२२ मध्ये चार्ल्स गादीवर आले आणि त्याच क्षणी ती राजाच्या मुलग्याची मुलं झाली. हॅरी अमेरिकेत राहतो की लंडनात, याचा त्या नियमाशी संबंध नाही.

अर्ल म्हणजे नक्की कोण?

ब्रिटिश सरदारकीच्या पाच पायऱ्या आहेत: ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन. यातला कुठलाही किताब एका वेळी एकाच माणसाचा असतो. बाकीचं अख्खं कुटुंब कायद्याच्या नजरेत सामान्य नागरिक. अर्लचा थोरला मुलगा बापाचा एखादा दुय्यम किताब वापरतो, पण तो निव्वळ शिष्टाचार. जॉर्जचे आजोबा १९२९ मध्ये वारले, वडील सहावे अर्ल झाले आणि सहा वर्षांच्या जॉर्जला लोक 'व्हायकाउंट लॅसल्स' म्हणू लागले. खरी सरदारकी त्यांच्याकडे आली ती वडील गेल्यावर, मे १९४७ मध्ये, वयाच्या चोविसाव्या वर्षी.

तिच्याबरोबर संसदेच्या वरच्या, म्हणजे लॉर्ड्स सभागृहातली जागाही आली, निवडणूक न लढवता. १९९९ च्या कायद्यानं वंशपरंपरेनं आलेल्या बहुतेक सरदारांना सभागृहातून बाहेर काढलं आणि फक्त ९२ जागा ठेवल्या. त्याही काढून टाकण्याचं विधेयक २०२४ मध्ये मांडलं गेलं. म्हणजे सरदारकी राहिली, सत्ता गेली.

किताब नाही, पण राजाच्या जागी सही करायचा अधिकार

वारसाक्रम कागदावरची गोष्ट वाटते, पण लॉर्ड हारवुड, म्हणजे जॉर्ज, यांच्या बाबतीत तिनं दोनदा प्रत्यक्ष काम केलं.

पहिली वेळ युद्धातली. ग्रेनेडियर गार्ड्स पलटणीचे अधिकारी म्हणून ते इटलीत लढत होते. जून १९४४ मध्ये जखमी होऊन जर्मनांच्या हाती सापडले. हा कैदी इंग्लंडच्या राजाचा भाचा आहे हे कळल्यावर त्यांची रवानगी सॅक्सनीतल्या कोल्डिट्झ किल्ल्यात झाली. तिथे बड्या घरच्या कैद्यांचा एक वेगळा गट ठेवला होता. त्यात चर्चिल यांच्या पत्नीचा भाचा होता, तेव्हाच्या राजाच्या पत्नीचा भाचा होता, पहिल्या महायुद्धातल्या सेनापती हेग यांचा मुलगा होता. त्यांच्यावर इतरांपेक्षा कडक पहारा असे, कारण पुढे कधीतरी सौदा करायला ती माणसं उपयोगी पडतील असा हिशेब होता.

१९४५ च्या वसंतात जर्मनीचा पराभव दिसू लागला तेव्हा हिटलरनं या गटाला ठार मारायचा हुकूम काढला. एप्रिलमध्ये, अमेरिकन फौज कोल्डिट्झला पोचायच्या ऐन तोंडावर, या कैद्यांना रातोरात किल्ल्याबाहेर काढून दक्षिणेकडे नेण्यात आलं. कुठे आणि कशासाठी, हे त्यांना ठाऊक नव्हतं. शेवटी गॉटलोब बर्गर या, नाझींच्या एसएस दलातल्या सेनानीनं हुकूम पाळला नाही आणि त्यांना स्विस अधिकाऱ्यांच्या हवाली केलं. पराभव समोर दिसत असल्यानं त्यानं तसं केलं असावं. लॉर्ड हारवुड तेव्हा बावीस वर्षांचे होते. 'राजपुत्र' हे नाव ज्याला मिळालं नव्हतं, त्याला त्या नात्याची किंमत मात्र पुरेपूर मोजावी लागणार होती.

दुसरी वेळ शांततेतली. राजा किंवा राणी परदेशी असताना राज्यकारभाराच्या कागदांवर सह्या करायला काही जण नेमलेले असतात. १९३७ च्या कायद्याप्रमाणे त्यात राजाची पत्नी किंवा राणीचा पती, आणि रांगेतले पहिले चार सज्ञान वारस येतात. १९५३ च्या अखेरीला राणी एलिझाबेथ राष्ट्रकुलाच्या लांब दौऱ्यावर निघाली. रांगेत पुढे चार्ल्स आणि ॲन होते, पण ती लहान मुलं. आणखीही काही वारस अल्पवयीन होते. ती वगळत गेल्यावर चार सज्ञान नावं उरली: बहीण मार्गारेट, काका ग्लॉस्टरचे ड्यूक, आत्या मेरी आणि आतेभाऊ हारवुड. ज्यांना राजघराण्याचं साधं संबोधनही नव्हतं, ते राणीच्या वतीनं कारभार पाहत होते. पुढे राणीची आणि तिच्या चुलतभावंडांची मुलं वाढत गेली आणि ते रांगेत मागे सरकत गेले. मृत्यूच्या वेळी त्यांचा क्रमांक चाळीसच्याही पुढे होता.

लग्नाला राणीची परवानगी कशाला?

या प्रकरणाचा हा सर्वांत दुखरा भाग, आणि मला तो सर्वांत अन्यायाचाही वाटतो.

१७७१ मध्ये तिसऱ्या जॉर्जच्या भावानं राजाला न विचारता एका विधवेशी लग्न केलं. राजा इतका चिडला की पुढच्याच वर्षी संसदेकडून कायदा करून घेतला: दुसऱ्या जॉर्जच्या वंशजांना लग्नासाठी राजाची औपचारिक संमती हवी, ती नसेल तर लग्न रद्दबातल. परदेशी घराण्यांत दिलेल्या राजकन्यांचा वंश तेवढा वगळला होता. वय पंचवीसच्या वर असेल तर प्रिव्ही कौन्सिल या राजाच्या सल्लागार मंडळाला कळवून वर्षभर थांबायची वाट होती, पण तीही संसदेच्या दोन्ही सभागृहांनी हरकत घेतली नाही तरच. दीडशे-दोनशे वर्षांत तो वंश इतका पसरला की गादीशी काडीचाही संबंध न येणारी कित्येक माणसं या कायद्याखाली आली.

१९४९ मध्ये लॉर्ड हारवुड यांनी मेरियन स्टाइन यांच्याशी लग्न ठरवलं. त्या पियानोवादक. वडील अर्विन स्टाइन व्हिएन्नाचे, ज्यू वंशाचे संगीतज्ज्ञ. नाझींच्या भीतीनं १९३८ मध्ये कुटुंबासह इंग्लंडला आलेले. राजे सहावे जॉर्ज यांनी संमती दिली आणि स्वतः लग्नाला आले. संगीतकार बेंजामिन ब्रिटन यांनी खास या लग्नासाठी गीत रचलं. इथवर कायदा आड आला नाही.

तो आला १९६७ मध्ये. लॉर्ड हारवुड ऑस्ट्रेलियन व्हायोलिनवादक पॅट्रिशिया टकवेल यांच्या प्रेमात पडले होते, १९६४ मध्ये त्यांना मुलगाही झाला होता. मेरियन यांच्याशी घटस्फोट झाला. आता दुसऱ्या लग्नाला राणीची संमती हवी होती, आणि राणी तर चर्च ऑफ इंग्लंडची प्रमुख. घटस्फोटिताचा जोडीदार हयात असताना त्यानं पुन्हा लग्न करणं चर्चला तेव्हा मान्य नव्हतं. याच अडचणीत १९५५ मध्ये प्रिन्सेस मार्गारेटचं घटस्फोटित अधिकारी टाउनसेंड यांच्याशी होणारं लग्न अडकलं होतं.

या वेळी वाट काढली ती घटनात्मक संकेताच्या आधारानं. राणी मंत्र्यांच्या सल्ल्यानं वागते. हॅरॉल्ड विल्सन यांच्या मंत्रिमंडळानं संमती द्यावी असा सल्ला दिला, आणि राणीनं तो मानला. चर्चची प्रमुख म्हणून तिच्यावर आलेलं ओझं सरकारनं आपल्या खांद्यावर घेतलं.

तरीही लग्न इंग्लंडमध्ये होईना. चर्चचं दार बंद, आणि नोंदणी पद्धतीच्या लग्नाचा कायदा राजघराण्याच्या वंशजांना लागू होत नाही असं निबंधकांचं मत पडलं. शेवटी ३१ जुलै १९६७ रोजी अमेरिकेत, कनेटिकट राज्यातल्या न्यू केनान इथे दोघांनी लग्न केलं. त्यानंतर बरीच वर्षं राजवाड्यानं त्यांना दूर ठेवलं. १९७२ मध्ये मामाच्या, म्हणजे विंडसरच्या ड्यूकच्या, अंत्यविधीला बोलावणं आलं नाही. १९७३ मध्ये ॲनच्या लग्नालाही नाही. यॉर्क विद्यापीठाचं कुलपतिपदही त्यांनी १९६७ मध्येच सोडलं होतं.

पण हा कायदा आता राहिलाय का?

नाही. २०१३ मध्ये संसदेनं नवा कायदा केला आणि मार्च २०१५ पासून तो अमलात आला. आता रांगेतल्या फक्त पहिल्या सहा जणांना संमती घ्यावी लागते. नोंदणी विवाहाचा प्रश्न २००५ मध्ये चार्ल्स आणि कॅमिला यांच्या वेळी पुन्हा निघाला. तेव्हा सरकारनं सांगितलं की असं लग्न कायदेशीर आहे, आणि त्यासाठी मानवी हक्क कायद्याचाही आधार दिला. मग चार्ल्स यांनी विंडसरच्या नगरभवनात नोंदणी विवाह केला, आणि पुढे तेच राजे आणि चर्चचे प्रमुख झाले. जे करायला हारवुड दांपत्याला अटलांटिक ओलांडावा लागला, ते राजवाड्यापासून पायी जाण्याच्या अंतरावर झालं.

लग्नाआधी जन्मलेल्या मुलाचं काय?

१९६४ चा तो मुलगा आईवडिलांच्या लग्नामुळे कायद्यानं औरस ठरला. इंग्लंडमध्ये १९२६ पासून ही सोय आहे, आणि १९५९ मध्ये ती रुंद केली गेली. संपत्तीपुरतं ते पुरेसं आहे, सरदारकीपुरतं नाही. किताबाचा वारस जन्मताच औरस असावा लागतो. नंतरचं लग्न तिथे चालत नाही, आणि गादीच्या वारसाक्रमातही चालत नाही.

हा नियम पुढच्या पिढीत आणखी ठळक दिसतो. सध्याचे, म्हणजे आठवे अर्ल डेव्हिड लॅसल्स यांना पहिली दोन मुलं लग्नाआधी झाली: एक मुलगी, मग मुलगा. १९७९ मध्ये लग्न झालं. त्यानंतर जन्मलेला मुलगा किताबाचा वारस आहे. आईबाप तेच, घर तेच, थोरला भाऊ हयात. तरी सरदारकी धाकट्याकडे जाणार.

आणि सर्वांत थोरल्या मुलीचं नाव तर या चर्चेतही येत नाही. गादीच्या बाबतीत २०१३ च्या कायद्यानं मुलगा-मुलगी भेद संपवला, म्हणून विल्यम यांची मुलगी शार्लट धाकट्या भावाच्या, लुईच्या, आधी आहे. सरदारक्यांना तो कायदा लागू नाही. काही अपवाद सोडले तर त्या अजूनही फक्त पुरुषांकडेच जातात. राजघराण्यानं जे सोडलं ते सरदारांनी अजून धरून ठेवावं, याला मला कुठलंही समर्थन दिसत नाही.

हे सगळं मिळालं ते वशिल्यानंच ना?

रास्त आक्षेप आहे, कारण लॉर्ड हारवुड यांच्या पदांची यादी लांब आहे. १९५० मध्ये त्यांनी 'ऑपेरा' मासिक काढलं. १९६१ ते १९६५ एडिंबरा महोत्सवाचे संचालक, १९७२ ते १९८५ इंग्लिश नॅशनल ऑपेराचे व्यवस्थापकीय संचालक. त्याशिवाय लीड्स युनायटेड क्लबचे तब्बल पन्नास वर्षं अध्यक्ष, आणि १९६६ चा विश्वचषक इंग्लंडनं घरच्या मैदानावर जिंकला तेव्हा फुटबॉल असोसिएशनचेही तेच अध्यक्ष.

नात्याचा उपयोग झाला हे उघड आहे. १९५२ मध्ये संगीतकार ब्रिटन यांच्याशी गप्पा मारताना राणीच्या राज्याभिषेकासाठी ऑपेरा लिहायची कल्पना निघाली. हारवुड यांनी ती थेट राजवाड्यात पोचवली. राणीचे खासगी सचिव सर ॲलन लॅसल्स त्यांच्याच कुळातले. दुसरा कुणी असता तर त्या दारापर्यंत जायलाच वर्षं गेली असती. 'ग्लोरियाना' हा ऑपेरा ८ जून १९५३ रोजी राणीसमोर झाला. प्रेक्षागृहात राजदूत आणि मानकरी भरलेले, संगीतात फारसा रस नसलेले. प्रतिसाद अगदी थंड मिळाला. वशिला पडदा वर जाईपर्यंत चालला, त्यापुढे त्याची ताकद नव्हती.

पण एडिंबरातलं काम नुसत्या नात्यावर झालं नसतं. तिथे त्यांनी शोनबर्गचं तेव्हा कठीण मानलं जाणारं संगीत आणलं, प्रागहून यानाचेकचे ऑपेरा आणले, आणि १९६३ मध्ये भारतीय संगीत-नृत्याला मोठं स्थान दिलं. त्या वर्षी रविशंकर, अली अकबर खाँ, एम. एस. सुब्बुलक्ष्मी आणि भरतनाट्यमच्या बालासरस्वती एडिंबरात आले ते पाश्चात्त्य कलावंतांच्या बरोबरीच्या मानानं. ब्रिटनमध्ये आपलं संगीत तेव्हा फार थोड्यांना ठाऊक होतं. पुढे इंग्लिश नॅशनल ऑपेराची उत्तरेकडची शाखा त्यांच्याच पुढाकारानं १९७८ मध्ये लीड्सला उभी राहिली. तीच आजची 'ऑपेरा नॉर्थ'. लंडनबाहेरच्या माणसाला पूर्णवेळ चालणारी ऑपेरा कंपनी आपल्या गावात मिळाली. माझ्या मते त्यांच्या सगळ्या कामात हे सर्वांत मोलाचं.

त्यांच्या घराण्यात हे वेड कुणालाच नव्हतं. मामा, विंडसरचे ड्यूक, नवल करत की जॉर्जला हे संगीत कुठून लागलं, आईवडील तर चांगले घोडे, कुत्री आणि शेतावर रमणारे.

एवढा पैसा आला कुठून?

हा प्रश्न ब्रिटनमध्येही फार उशिरा विचारला गेला. लीड्सजवळचा हारवुड हाउस हा वाडा १७५९ मध्ये बांधायला घेतला. आत रॉबर्ट ॲडमची सजावट, चिपेंडेलचं फर्निचर, भोवती 'केपेबिलिटी' ब्राउननं आखलेलं उद्यान. पैसा वेस्ट इंडीजचा: साखर, जहाजं, सावकारी आणि गुलामांचा व्यापार. बार्बाडोस आणि जमैकात लॅसल्स घराण्याचे मळे होते. १८३३ मध्ये ब्रिटिश वसाहतींतली गुलामगिरी संपवणारा कायदा झाला, तेव्हा सरकारनं भरपाई दिली ती मालकांना. दुसऱ्या अर्लना बाराशेहून अधिक माणसांबद्दल २६,००० पौंडांवर रक्कम मिळाली. त्या माणसांना काही मिळालं नाही.

१९४७ मध्ये सातव्या अर्लच्या हाती हा वाडा आला तो जबर मृत्यूकरासकट. हा कर मालकाच्या मृत्यूनंतर त्याच्या इस्टेटीवर बसतो आणि तेव्हा मोठ्या इस्टेटींवर त्याचे दर प्रचंड होते. जमिनीचा मोठा भाग विकावा लागला, चित्रंही विकली गेली. तिशियनचं 'ॲक्टिऑनचा मृत्यू' हे चित्र १९७१ मध्ये लिलावात गेलं आणि लोकवर्गणीच्या मदतीनं पुढच्या वर्षी लंडनच्या नॅशनल गॅलरीनं घेतलं. वाडा लोकांसाठी खुला झाला आणि १९८६ मध्ये एका धर्मादाय न्यासाकडे सोपवला गेला. कुटुंब आजही तिथे राहतं, तिकीट काढून लोकही येतात.

करामुळे अर्धीअधिक इस्टेट गेली, म्हणजे हिशेब फिटला, असं काही जण म्हणतात. ते पटण्यासारखं नाही, कारण तो कर ब्रिटिश तिजोरीत गेला, बार्बाडोसला नाही. डेव्हिड लॅसल्स यांनी हे उघडपणे मान्य केलं आहे. गुलामगिरीतून श्रीमंत झालेल्या घराण्यांच्या काही वंशजांनी एप्रिल २०२३ मध्ये 'एअर्स ऑफ स्लेव्हरी' हा गट स्थापन केला. कॅरिबियन देशांची नुकसानभरपाईची मागणी ब्रिटिश सरकारनं ऐकावी, असं हा गट म्हणतो. आठवे अर्ल त्याचे संस्थापक सदस्य आहेत.